सातचं फाटक

मुलींचं वसतिगृह, लहान इमारत
२ जुलै

चि. भिंगरीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तुझ्या नवऱ्याला दे आणि उरलेले सगळे तुझ्या लेकीला, मुंगीला. तुला काही उरत नाही, पण गेल्या पत्राला तू दीड महिना उत्तर दिलं नाहीस, त्याची ही शिक्षा समज.

फोन का केला नाही असं विचारू नकोस. फोनवर तू एका कानाने माझं ऐकतेस, दुसऱ्या कानाने गिऱ्हाइकाचं, आणि शेवटी त्याचं उत्तर मला देतेस. काम मोठं आहे म्हणून कागदावर लिहिते.

यंदा आमच्या कॉलेजात सगळी उलटापालट झाली आहे. प्रवेशाचे अर्ज मोजले तर दर दहांत सहा मुली निघाल्या. तुझ्या वेळी अख्ख्या कॉलेजात तुम्ही छत्तीस जणी होतात आणि समोरून मास्तर आले की छत्तीस जणी भिंतीला चिकटायच्या. नदीपलीकडच्या वस्तीतल्या त्यात दोघीच, आणि त्यांना कोठीशेजारची कोपऱ्यातली खोली. आता नदीपलीकडून साठ मुली आल्यात आणि त्या कोपऱ्यातल्या खोलीत मी झाडू ठेवते.

मुलगे गेले कुठे म्हणशील, तर शाळा संपली की कोणी गोदामात लागतो, कोणी मालट्रक चालवतो. हातात लगेच पगार येतो, मग चार वर्षं पुस्तक कोण धरणार, असं त्यांचं म्हणणं. मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टर उसासे टाकत असतात. मुलींची मेट्रन असले तरी मलाही वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण आमच्याकडे एका खोलीत चौघी कोंबल्यात आणि त्यांच्या मोठ्या इमारतीत शहाण्णव खोल्यांत एक्केचाळीस मुलगे ऐसपैस लोळतायत, हे पाहिलं की वाईट वाटणं पाच मिनिटांत आटोपतं.

तर प्राचार्यबाईंनी ठरवलं आहे की अदलाबदल करायची. मुली मोठ्या इमारतीत, मुलगे आमच्या लहान इमारतीत. मी काल मोठी इमारत बघून आले. प्रशस्त आहे, उजेड आहे, पण एकाही खोलीला आतून कडी नाही. बांधणाऱ्याला वाटलं असणार की मुलग्यांना आतून काय लावून घ्यायचंय. तेव्हा शहाण्णव कड्या हव्यात, आणि त्या बसवायला तूच हवीस. प्राचार्यबाईंना मी तसं सांगितलं आहे.

आता मुंगीचं. तिचा अर्ज मी मुद्दाम पाहिला नाही. तो कारकुनाने माझ्या टेबलावर ठेवला आणि नेमका माझा चष्मा डोळ्यांवर होता. पहिली पसंती धातुशास्त्र लिहिली आहे. तुला आठवतच असेल, भट्टी संध्याकाळी सहानंतरच पेटते, कारण दिवसा बाकीच्या प्रयोगशाळा चालू असताना तेवढी वीज पुरत नाही. संपायला आठ वाजतात आणि आमचं फाटक सातला बंद. वेळ वाढवा म्हणून मुलींनी तीनदा अर्ज दिला, पण रेक्टर वसतिगृह समितीवर आहेत आणि छापील नियम असा बदलता येत नाही, असं त्यांनी तिन्ही वेळा सांगितलं. वसतिगृहातल्या मुलीने धातुशास्त्र घेतल्याचं सव्वीस वर्षांत एकही उदाहरण नाही. त्याआधीचं एक आहे, ते तुला माहीत आहे.

विचार करून लिही. लोभ भरपूर आहे, उत्तराचा तेवढा दुष्काळ नको.

तुझी
ताई

---

दुकानातून
७ जुलै

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, गुडघा धरल्यामुळे तूर्त कागदावरच. वि. वि.

इकडे सगळं ठीक. ह्यांनी परवा दुकानाला कुलूप घातलं आणि किल्ल्यांचा जुडगा आतच विसरले. कुलूपवाल्याच्या दुकानाबाहेर कुलूपवाला उभा आणि गल्ली हसतेय. मी जाऊन दोन तारांनी उघडलं, तर म्हणतात, तुझा सराव राहावा म्हणून मुद्दाम केलं.

कड्यांचं काम घेतलं. पितळेच्या नको, त्या चोरीला जातात. लोखंडी देते. मात्र दरवाजाची जाडी पट्टीने मोजून पाठव. मागच्या वेळी तू ‘साधारण बोटभर’ लिहिलं होतंस आणि कोणाचं बोट ते विचारायला मी विसरले होते.

मुंगीला मी धातुशास्त्र नको म्हणून सांगितलं आहे. इथल्या कॉलेजात वाणिज्य आहे, घरापासून पायी वाट आहे, संध्याकाळी पाचला ती घरी येईल. तिला ते पटलेलं नाही. ही पोर सहा वर्षांची असल्यापासून मोडक्या किल्ल्या गोळा करते. एकाच पत्र्यातून कापलेल्या दोन किल्ल्या, त्यातली एक वाकते आणि एक तुटते, हे का, असं तिने मला तेव्हा विचारलं होतं. मला उत्तर देता आलं नाही, कारण ते दुसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात शिकवतात आणि मी पूर्वार्ध संपताच घरी आले.

पसंती कायम करायची शेवटची तारीख वीस जुलै आहे. त्या कागदावर पालकाची सही लागते आणि मी ती अजून केलेली नाही. तीन दिवस मुंगी माझ्याशी बोलत नाही. फक्त गिऱ्हाईक आलं की त्याच्यादेखत बोलते.

तू तिच्यासाठी फाटक उघडं ठेवशील का, असं मी विचारणार नाही. माझ्यासाठी ठेवलं नव्हतंस, आणि नियम सगळ्यांना सारखा, असं तूच तेव्हा म्हणाली होतीस. टोचून लिहीत नाही गं. फाटकाने बाहेर काढलं म्हणून मी कुलपांच्या धंद्यात शिरले, ही आपली इतक्या वर्षांची थट्टाच आहे. पण मुलीच्या बाबतीत मला ती थट्टा सुचत नाही. तिने तिथे यावं, भट्टीची गोडी लागावी आणि मग कोणीतरी वहीत तिचं नाव तीनदा लिहून तिला घरी पाठवावं, त्यापेक्षा तिने वाणिज्य केलेलं बरं.

लोभ आहे तसा ठेव, वरचेवर तेल घालत जा.

तुझी
भिंगरी

---

लहान इमारत
१२ जुलै

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. या खेपेला सगळे तुलाच.

तुझं पत्र आल्यापासून दोन दिवस माझं तोंड कडू होतं. तिसऱ्या दिवशी जे झालं ते तुला लिहिल्याशिवाय राहवत नाही. वाचून झालं की हे पत्र गिऱ्हाइकाच्या हाती लागेल असं ठेवू नकोस.

मी रेक्टरांना इमारत सोपवण्याची यादी करत होते. किल्ल्या, बादल्या, फाटकावरचं घड्याळ, उशिराची वही आणि नियमांची पुस्तिका. ही पुस्तिका मला तोंडपाठ आहे, आणि पाठ असलेलं आपण कधी वाचत नाही. त्या दिवशी वाचली. सातवा नियम असा आहे: ‘लहान इमारतीत राहणाऱ्यांनी सायंकाळी सात वाजण्यापूर्वी फाटकाच्या आत यावे. तीन वेळा उशीर झाल्यास निवास रद्द होईल.’ आणि आठवा: ‘मोठ्या इमारतीत राहणाऱ्यांनी दिवे विनाकारण जळत ठेवू नयेत.’ मोठ्या इमारतीला वेळेचं बंधन म्हणून काही नाहीच.

भिंगरे, अख्ख्या पुस्तिकेत मुली हा शब्द नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे ते पहिले प्राचार्य फार भिडस्त होते म्हणतात. मुली असं छापायला त्यांना संकोच वाटायचा, म्हणून जिथे तिथे लहान इमारत आणि मोठी इमारत. आता एक ऑगस्टपासून लहान इमारतीत राहणार मुलगे.

मी वाचलं तेव्हा समोर आमची विद्यार्थिनी प्रतिनिधी बसली होती. तिन्ही अर्ज हिनेच लिहिलेले. ही नदीपलीकडची. हिची आजी याच इमारतीत झाडायला यायची आणि दारातल्या बाकावर टेकायची तिला परवानगी नव्हती. नात आता त्याच बाकावर पाय वर घेऊन बसते आणि मी तिला काही बोलत नाही. तिने पुस्तिका वाचली, उलटून पुन्हा वाचली आणि अगदी गरीब चेहऱ्याने मला विचारलं की हे रेक्टरसरांच्या लक्षात आणून द्यायचं का. मी सांगितलं की छापील नियम आहे, त्यांना पाठच असेल. मग आम्ही दोघी पोट धरून हसलो.

पण हसून झाल्यावर मी पुस्तिका मिटून यादीखाली सरकवली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कोणापासून काही लपवलेलं नाही, एक गोष्ट सोडली तर. तरी यावेळी मी तोंड शिवून बसणार आहे. यादीत पुस्तिका लिहिली आहे, पुस्तिका देणार आहे, रेक्टरांनी वाचावी. मुंगी मोठ्या इमारतीत राहील आणि आठला भट्टीवरून आली तर तिला अडवायला माझ्या हातात एक ओळसुद्धा नसेल.

तू सही कर. दरवाजाची जाडी सव्वा इंच आहे, पट्टीने मोजली आहे.

तुझी
ताई

---

दुकानातून
१७ जुलै

ती. ताईस,
नमस्कार आणि वर एक सलाम.

तुझ्या पोटात असलं काही असतं हे मला माहीत नव्हतं. ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले की ही लबाडी झाली. मी सांगितलं की कुलूप न मोडता उघडणं याला आपल्या धंद्यात कसब म्हणतात.

सही केली. दुकानाच्या फळीवर, किल्ल्यांच्या किसात, त्यामुळे कागद जरा चमकतोय. मुंगी एकदम इतकं बोलायला लागली की आता तिने थोडं गप्प बसावं असं वाटतं. भीती मात्र गेलेली नाही. समितीने एका दुपारी नवी पुस्तिका छापून आणली आणि लहानच्या जागी मोठी केलं, तर मुंगी तिथे अडकेल आणि मी इथे कपाळाला हात लावेन. तेव्हा सही केली आहे, पण जीव टांगणीलाच आहे हे लक्षात ठेव.

बावीस तारखेला ड्रिल मशीन आणि पहिल्या छप्पन्न कड्या घेऊन येते. आठ दिवस तुझ्याच खोलीत राहीन. घोरतेस का अजून?

तुझी
भिंगरी

---

मुलींचं वसतिगृह, मोठी इमारत
१२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तू बसवलेल्या कड्या मुली दिवसातून दहा वेळा लावतात आणि काढतात. गरज म्हणून नाही, आवाज ऐकायला. ज्या चाळीस खोल्यांना अजून कडी नाही तिथल्या मुली मला रोज तारीख विचारतात.

आता मुख्य बातमी. एक तारखेला मुलगे लहान इमारतीत गेले. रेक्टर माणूस सरळ आहेत, हे मानलं पाहिजे. त्यांनी पुस्तिका वाचली, घसा खाकरला आणि सातच्या ठोक्याला कुलूप घातलं. पहिल्याच संध्याकाळी तेवीस मुलगे बाहेर, त्यात फुटबॉलचा अख्खा संघ, चिखलासकट. दुसऱ्या दिवशी भट्टीवरचे चौघे. त्यांनी रेक्टरांना विचारलं की आम्ही शिकायचं कधी. हे वाक्य मी इतक्या मुलींच्या तोंडून ऐकलं आहे की मला ते ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

पाचव्या दिवशी मुलग्यांचा अर्ज गेला. सातव्या दिवशी पालक आले. एका वडिलांनी भर सभेत विचारलं की माझा वीस वर्षांचा मुलगा काय कोंबडी आहे, दिवस मावळला की खुराड्यात घालायला. माझ्या शेजारी आमची प्रतिनिधी उभी होती. तिने शांतपणे सांगितलं की चाळीस वर्षं त्या खुराड्यात आम्ही होतो. त्यावर त्या गृहस्थांनी विचारलं की मग इतकी वर्षं कोणी तक्रार कशी केली नाही. तिने पिशवीतून तिन्ही अर्जांच्या प्रती काढून त्यांच्या हातात दिल्या. गृहस्थांनी त्या उभ्या उभ्या वाचल्या आणि मग खाली बसले.

काल, अकराव्या दिवशी, समितीने सातवा नियम रद्द केला. दोन्ही इमारतींसाठी, कायमचा. मुलींना जे चाळीस वर्षांत जमलं नाही ते मुलग्यांनी अकरा दिवसांत केलं. मला आनंद झाला, आणि त्याच वेळी असा संताप आला की मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मुंगीला आता कोणी अडवू शकत नाही. तुझा जीव टांगणीवरून उतरव.

यापुढचं लिहायला मी तीन कागद फाडले. मुलग्यांनी अर्जात आणखी एक गोष्ट लिहिली होती, की फाटकावरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. रेक्टर म्हणाले, मेट्रनबाईंकडून आलं तसं आहे. प्राचार्यबाईंनी मला विचारलं की कधीपासून. मी सांगितलं, सव्वीस वर्षांपासून, आणि ते मीच पुढे केलं.

तेव्हा मला लागून तीन महिने झाले होते आणि नोकरी कायम व्हायची होती. मुली धापा टाकत यायच्या ते मला बघवत नसे. म्हणून मी घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. घड्याळात सात झाले की मुली घाई करायच्या, मी किल्ली हरवल्याचं नाटक करायची आणि खरे सात वाजले की कुलूप लावायची. मोठ्या बाई, म्हणजे तेव्हाच्या मुख्य मेट्रन, कधी खाली यायच्याच नाहीत. तुझं नाव तिसऱ्यांदा लिहिलं त्या संध्याकाळी मात्र आल्या. घड्याळाखाली उभ्या राहिल्या आणि सातचे ठोके पडताच म्हणाल्या की लाव. मी लावलं. घड्याळात सात वाजून सहा मिनिटं झाली तेव्हा तू भट्टी अर्धवट सोडून धावत आलीस, म्हणजे खरं तर सातला चार मिनिटं कमी होती. त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि मी तुझं नाव लिहिलं.

घड्याळ चुकीचं आहे म्हटलं असतं तर चुकीचं कोणी केलं तेही सांगावं लागलं असतं. मी सांगितलं नाही. वर नियम सगळ्यांना सारखा असं तुला ऐकवलं. तुझे पहिले दोन उशीर खरे होते, तिसरा माझा होता. गेल्या महिन्यात आठ दिवस तू माझ्या खोलीत होतीस, दहा वेळा सांगायला तोंड उघडलं आणि दहाही वेळा तुला वाकडी बसलेली कडी दाखवली.

हवं तेवढं रागाव. पण उत्तर दे.

ताई

---

दुकानातून
१६ ऑगस्ट

ती. ताईस,
नमस्कार. उत्तर उलट टपाली देते आहे याची नोंद व्हावी.

आणि माझ्या कड्या वाकड्या नव्हत्या. मला तेव्हाच शंका आली होती.

ताई, त्या संध्याकाळी माझ्या हातात बाबांचं घड्याळ होतं. भट्टीची वेळ सेकंदांत मोजावी लागते म्हणून मी ते कॉलेजात घालायची, आणि रोज सकाळी रेडिओवर लावून घ्यायची. सातला चार मिनिटं कमी होती हे मला फाटकाशी पोचतानाच माहीत होतं. गजांतून तुझं तोंड पाहिलं, मागे मोठ्या बाई पाहिल्या आणि काय झालं असेल ते ओळखलं. तुझं किल्ली हरवल्याचं नाटक मी रोज बघत होते. इतकं वाईट नाटक की न ओळखायला आंधळंच असायला हवं.

मी हात पाठीमागे घेतला. मोठ्या बाईंना घड्याळ दाखवलं असतं तर तुझी नोकरी त्याच संध्याकाळी गेली असती आणि दोघी एकाच गाडीने घरी आलो असतो. एकीने तरी आत राहावं, एवढंच सुचलं. फार थोर विचार होता असं समजू नकोस, एकोणीस वर्षांची होते आणि भूक लागली होती.

राग आला नाही असं नाही. आधी मोठ्या बाईंचा आला, मग तुझा, आणि तुझा सात-आठ वर्षं पुरला. मुंगी झाली तेव्हा तू पंधरा दिवस रजा काढून माझे कपडे धुतलेस, त्यात तो कधी गेला ते कळलं नाही. वाईट एका गोष्टीचं वाटत राहिलं, की तू कधी बोलली नाहीस. पण मी तरी कुठे बोलले. दोघी बहिणी आपण, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं.

प्राचार्यबाई तुला काय म्हणाल्या ते लिहिलंच नाहीस. नोकरीला धक्का नाही ना? ते आधी कळव. बाबांचं घड्याळ आता मुंगीच्या हातात आहे. तिला हे सांगायचं असेल तर तूच सांग. मी सांगायला गेले तर मला रडू येईल आणि मग ती मला वर्षभर चिडवेल.

राग नाही, लोभ आहे, दोन्ही खात्रीने.

तुझी
भिंगरी

---

मोठी इमारत, खोली एकोणसाठ (बिनकडीची)
२४ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि. मावशी म्हणते पत्र असंच सुरू करायचं, नाहीतर ती टपालात टाकणार नाही.

मी मजेत आहे. भट्टीवर आम्ही अकरा जणी आणि नऊ मुलगे आहोत. पहिल्या दिवशी मी आपली मोडकी किल्ली सरांना दाखवली आणि ती का तुटली ते विचारलं, तर म्हणाले, ते दुसऱ्या वर्षी. सव्वाआठला परत येते तेव्हा मावशी दाराशी खुर्ची टाकून बसलेली असते. नियम नाही, तरी बसते. किती वाजले असं मला विचारते आणि आजोबांच्या घड्याळात स्वतः बघते.

तिने मला सगळं सांगितलं. प्राचार्यबाईंनी तिला लेखी समज दिली, नोकरीला काही झालेलं नाही. समज दिली खरी त्यांनी, पण नंतर दोघी मिळून बराच वेळ चहा प्यायल्या असं कारकूनकाका सांगतात.

आता खरं सांगायचं ते. काल मावशीने मला आणि प्रतिनिधीला घेऊन कचेरीत जुनी उशिराची वही काढली. त्यात तुझं नाव तीनदा आहे आणि तिन्ही वेळा मावशीचं अक्षर. जुन्या नोंदीत दुरुस्ती करायची तर शेजारी कारण लिहून प्राचार्यांची सही घ्यावी लागते. मावशीने दोन नोंदी तशाच ठेवल्या आणि तिसरीसमोर लिहिलं, ते तुला जसंच्या तसं उतरवून पाठवते: ‘ही नोंद चुकीची आहे. त्या दिवशी फाटकावरील घड्याळ दहा मिनिटे पुढे होते. ते मी पुढे केले होते. विद्यार्थिनी वेळेत होती.’ खाली तिची सही, हुद्दा, कालची तारीख. लिहिताना ती मलाच दरडावत होती की टेबल हलवू नकोस. मी टेबलापासून दोन हात लांब होते. प्राचार्यबाईंनी सही केली. साक्षीदार म्हणून रेक्टरसर आले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, सही केली आणि निघून गेले.

कारकूनकाका फार कायद्याचे आहेत. ते म्हणाले, निवास चुकीने रद्द झाला, त्यामुळे मुलगी घरी गेली, त्यामुळे नाव कमी झालं, म्हणजे तेही चुकीनेच. अर्धवट राहिलेलं वर्ष पुरं करायची आता सोय आहे. यंदा घरसंसार सांभाळणाऱ्या चौदा बायकांनी प्रवेश घेतलाय, त्यात आमच्या प्रतिनिधीची आईसुद्धा आहे, ती पहिल्या वर्षाला आहे. तुझा पूर्वार्ध पुरा झालेला आहे, उत्तरार्ध तेवढा राहिलाय, जानेवारी ते मे. अर्ज सोबत जोडला आहे. तू आलीस तर माझ्यापुढे असशील, हे मला जरा जड जातंय. पण किल्ली का तुटते ते तुला आधी कळेल आणि मग तुला मला ते सांगावंच लागेल.

बाबांना सांग, जुडगा गळ्यात बांधा.

तुझी
मुंगी

---

दुकानातून
२९ ऑगस्ट

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, या वेळी गुडघ्यासकट.

तू वहीत लिहिलेलं मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा ह्यांनी वाचून दाखवलं, कारण मला अक्षर दिसेना. सगळं केव्हाच विसरले असं मी स्वतःला सांगत आले होते. विसरले नव्हते. ‘विद्यार्थिनी वेळेत होती’ हे कोणीतरी कागदावर लिहावं असं मला इतकं वाटत असेल, याची मलाच कल्पना नव्हती.

अर्ज भरून सोबत पाठवते. ‘शिक्षणातील खंड’ असा एक रकाना आहे, तिथे सव्वीस वर्षं लिहिलं. त्याखाली ‘खंडाचे कारण’ आहे, तिथे दहा मिनिटं लिहिलं. कारकुनाला समजलं नाही तर तू समजाव. जानेवारी ते मे दुकान हे सांभाळणार आहेत. दाराच्या तीन जादा किल्ल्या करून तीन शेजाऱ्यांकडे ठेवल्या आहेत.

उरलेल्या चाळीस कड्या घेऊन चार तारखेला येते. गाडी सहालाच पोचते, पण मी बाहेर कुठेतरी चहा घेत बसेन आणि बरोबर सात वाजून सहा मिनिटांनी लहान इमारतीच्या फाटकाशी येईन. रेक्टरांना विचारून ठेव, ते नाही म्हणणार नाहीत. तू आत उभी राहा, तेव्हा होतीस त्याच जागी. आणि फाटक माझ्यासाठी उघडून ठेवू नका. नुसतं ओढून घ्या. ते मला माझ्या हाताने उघडायचंय.

भेटीत उरलेलं सगळं. तोवर लोभ सांभाळ.

तुझी
भिंगरी